केसपेपरवर केसांची नोंद कुठे आहे?

कॅन्सरच्या वॉर्डात रुग्णाची किती मोजमापे होतात ते पाहा. ताप, नाडी, रक्तदाब, वजन. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. उलट्या किती झाल्या, जुलाब किती झाले, तोंडात फोड आले का, हातापायांना मुंग्या येतात का, हे सगळे केसपेपरवर चढते. सलाईन मिनिटाला किती थेंबांनी जाते याचीही नोंद असते. पण पहिल्या डोसानंतर तिसऱ्या आठवड्यात वेणी घालताना अर्धी वेणीच हातात आली, त्या दिवशी त्या बाईच्या मनाचे काय झाले, याला केसपेपरवर रकाना नाही.

हे आम्ही परिचारिका म्हणून लिहीत आहोत. आमच्यातल्या काही जणी आजही वॉर्डात आहेत, काहींनी नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम हाती घेतले आहे. वॉर्डात किमो घेणारी बाई आणि घरी परतलेली तीच बाई, दोन्ही आम्ही पाहिल्या आहेत. त्यावरून आमचे स्पष्ट मत झाले आहे. केस गेल्याचे दुःख विचारले पाहिजे, मोजले पाहिजे आणि केसपेपरवर लिहिले पाहिजे. तेही आपल्या बायकांना कळेल अशा भाषेत. इस्पितळात जे लिहिले जात नाही त्यासाठी माणूस नेमला जात नाही, पैसा मंजूर होत नाही आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला ते कळतही नाही.

एका कारणाचे चार परिणाम

किमोची बरीच औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरची पेशी भराभर वाढते म्हणून ती मरते. पण अंगात आणखीही काही पेशी अशाच वेगाने वाढत असतात. तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, हाडांच्या मगजातल्या आणि केसांच्या मुळातल्या. म्हणून तोंड येते, जुलाब लागतात, रक्तातल्या पेशी कमी होतात आणि केस गळतात. कारण एकच आहे. त्यातले पहिले तीन परिणाम आपण नोंदवतो, त्यांवर औषध देतो. चौथ्याला मात्र 'ते काय, होतंच' म्हणून सोडून देतो.

सगळ्याच औषधांनी केस सारखे जात नाहीत. बायका ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन, तसेच पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल, यांनी बहुतेकींचे जवळजवळ सगळे केस जातात. काही औषधांनी ते नुसते विरळ होतात. गळती साधारण पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांत सुरू होते. डोक्याचेच नाही, भुवया, पापण्या आणि अंगावरचे केसही जाऊ शकतात. केस गळायच्या आधी टाळू हुळहुळते, दुखते. डोस संपल्यावर काही आठवड्यांत लव दिसू लागते आणि तीन ते सहा महिन्यांत बहुतेकींचे डोके पुन्हा भरते. नवीन केस कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे येतात. क्वचित काही जणींचे, विशेषतः डोसिटॅक्सेलनंतर, पूर्वीसारखे दाट येत नाहीत. ही माहिती पहिल्या डोसाच्या आधी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

आज मोजतात ते केस, दुःख नव्हे

मोजमाप अगदीच होत नाही असे नाही. कॅन्सरच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी जगभर अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची 'सीटीसीएई' नावाची प्रतवारी वापरली जाते. बहुतेक गंभीर दुष्परिणामांना त्यात १ ते ५ अशा पायऱ्या आहेत. केस गळण्याला दोनच. निम्म्यापेक्षा कमी केस गेले आणि लांबून कळत नसेल तर पायरी १. निम्मे किंवा जास्त गेले, लोकांच्या लक्षात येते, झाकायचे तर टोप लागतो आणि मनावर, वागण्यावर परिणाम होतो, तर पायरी २. बस्स. मनावरचा परिणाम त्या पायरीच्या व्याख्येत एका वाक्यात येऊन गेला आहे. तो किती, कशामुळे, कोणासमोर, याचे पुढे काही नाही. पायरी ठरवणारा बाईच्या डोक्याकडे बघतो. ती काय म्हणते हे विचारल्याशिवायही रकाना भरता येतो.

दुसरे साधन बाईला विचारणारे आहे. युरोपातील 'ईओआरटीसी' या संस्थेने स्तनाच्या कॅन्सरसाठी २३ प्रश्नांची पुरवणी केली आहे. तिचे मराठी भाषांतरही आहे. त्या २३ प्रश्नांत एक प्रश्न असा आहे, की केस गेल्यामुळे तुम्ही अस्वस्थ झालात का? उत्तरे चार, 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत. एक प्रश्न असणे हे काहीच नसण्यापेक्षा बरे. पण 'खूप' म्हणणाऱ्या दोन बायका घ्या. एकीला नवऱ्यासमोर डोके उघडे पडते याचे दुःख असेल, दुसरीला धुण्याभांड्याची कामे सुटली याचे. दोघींचे उत्तर एकच, दोघींना लागणारी मदत वेगळी.

तिसरे साधन म्हणजे 'डिस्ट्रेस थर्मामीटर'. ते १९९८ मध्ये अमेरिकेत पुढे आले. कागदावर थर्मामीटरचे चित्र, शून्य ते दहा आकडे. गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास कितीवर होता तिथे रुग्णाने खूण करायची. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पुढे चौकशी करायची असा सर्वसाधारण नियम आहे. साधन सोपे आहे, दोन मिनिटांचे आहे. पण तो ताप एकूण त्रासाचा आहे, केसांचा वेगळा नाही.

केस गेल्याच्या दुःखापुरतीच मोजपट्टी दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी तयार केली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांशी बोलून तयार केलेले १७ प्रश्न आणि त्यांचे चार गट: शरीराला होणारा त्रास, मनाचा त्रास, रोजच्या व्यवहारातला अडथळा आणि नात्यांवरचा परिणाम. हे आम्हाला फार मोलाचे वाटते. दुःखाचे एकच गाठोडे न करता ते सोडून चार ठिकाणी मांडले, की कुठे हात घालायचा हे कळते.

बोथट पट्टीने काय होते याचेही उदाहरण आहे. किमो चालू असताना डोक्याला थंड टोपी घालून केस वाचवण्याचा उपाय काही देशांत वापरतात. थंडीने टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध केसांच्या मुळाशी कमी पोचते. अमेरिकेत अशा यंत्राला २०१५ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. २०१७ मध्ये तिथल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. टोपी घातलेल्या ९५ बायकांपैकी ४८ जणींचे निम्म्याहून अधिक केस टिकले, टोपी न घातलेल्या ४७ पैकी एकीचेही नाही. एवढा फरक. तरीही जीवनमान, चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या नेहमीच्या प्रश्नावल्यांमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून कोणी म्हणेल, बघा, केसांनी बायकांना काही फरक पडत नाही. आम्ही म्हणतो, धान्याच्या काट्यावर सोने तोलू नका. ज्या प्रश्नावल्या चालणे, झोपणे, खाणे, भीती यांसाठी केल्या आहेत, त्यांच्यात केसांचे दुःख सापडेलच असे नाही.

'जीव वाचला हे काय कमी आहे?'

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. डॉक्टर विचारतात, घरचे विचारतात, कधी कार्यकर्तेही विचारतात. इथे गोळ्यांना पैसे नाहीत, तपासणीला तारीख मिळत नाही, परळच्या फूटपाथवर पेशंट झोपतात आणि तुम्ही केसांचे काय घेऊन बसलात? हे पैसेवाल्या बायकांचे दुखणे.

आमचा अनुभव उलटा आहे. पैसेवालीचे केस गेले तर ती सहा महिने घरात राहू शकते, चांगला टोप घेऊ शकते. आपल्या वस्तीतली बाई चार घरची कामे करते. केस गेले की ज्यांच्याकडे काम करते त्यांना आजार कळतो. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही हे माहीत असूनही 'बरं वाटेपर्यंत नको येऊस' असे गोड शब्दांत सांगितले जाते आणि परत बोलावणे येत नाही. भाजी विकणारीच्या टोपलीपाशी गिऱ्हाईक थबकते आणि पुढे जाते. मेसमध्ये पोळ्या लाटणारीला आत भांडी घासायला पाठवतात. स्तनावरची शस्त्रक्रिया पदराखाली झाकली जाते. डोके झाकले तरी भुवया आणि पापण्या नसलेला चेहरा झाकत नाही. आजार कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा त्या बाईचा अधिकार केसांबरोबर जातो. म्हणून हा शृंगाराचा प्रश्न नाही. हा रोजीचा आणि माणूस म्हणून वागवले जाण्याचा प्रश्न आहे.

आणि तो जिवाचाही प्रश्न आहे. केस जातील या भीतीने किमोलाच नकार देणाऱ्या बायका आहेत. पहिल्या डोसानंतर केस गेले म्हणून दुसऱ्या डोसाला न आलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या केसपेपरवर 'रुग्ण आली नाही' एवढेच लिहिले जाते. का आली नाही याचे उत्तर पहिल्या आणि दुसऱ्या डोसाच्या मधल्या त्या तीन आठवड्यांत असते. त्या दिवसांत तिला कोणी काही विचारलेले नसते.

बोडकी हा शब्द कोरियात नाही

मग कोरियाची प्रश्नावली मराठीत आणली की झाले का? तेवढ्याने भागणार नाही.

आपल्याकडे बाईच्या मुंडण केलेल्या डोक्याला इतिहास आहे. विधवेचे केशवपन ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि तत्सम घरांतली. तिच्याविरुद्ध सत्यशोधकांनी आवाज उठवला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही अशी भूमिका घेतली. चाल गेली, पण 'बोडकी' ही शिवी सगळ्यांच्या तोंडी राहिली. आजही केस गेलेल्या सवाष्ण बाईला सासू म्हणते, 'माझा मुलगा जिवंत असताना हे काय ध्यान?' हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या हळदीला तिला मागे ठेवतात. आपल्या समाजात या रूढी आपण सोडल्या म्हणतो, पण सोयरिकीची बोलणी करायला पाहुणे आले की 'आई जरा आतच बस' हे आपल्याही घरात घडते. हे दुःख कोणत्याही परदेशी प्रश्नावलीत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागेल.

दुसऱ्या टोकाला एक गोड बोलणे आहे. विहारात कोणी सहज म्हणते, 'ताई, भिक्खुणीसुद्धा मुंडण करतात, त्यात काय एवढं?' हेतू चांगला असतो. पण महाप्रजापती गोतमींनी केस उतरवले, चीवर घातले आणि त्या वैशालीला पायी चालत गेल्या, त्या स्वतः होऊन. काय सोडायचे हे त्यांनी ठरवले होते. किमोची बाई काहीच ठरवत नाही, तिचे केस तिला न विचारता जातात. सोडणे आणि हिरावले जाणे यांत फरक आहे. दुःख आहे हे आधी मान्य करायला तथागतांनी शिकवले. 'दुःख करू नकोस' हे वाक्य त्या शिकवणुकीत बसत नाही.

भाषेची अडचण वेगळीच. इंग्रजीतल्या 'डिस्ट्रेस'ला भाषांतर करणारे 'मानसिक त्रास' लिहितात. आपली बाई ते ऐकून सावध होते. 'मानसिक' म्हणजे डोक्यावर परिणाम, असा तिचा समज. ती लगेच सांगते, 'नाही हो सिस्टर, मला तसलं काही नाही.' कागदावर शून्य पडते. तिलाच विचारा, 'जीवाला कसं वाटतं? मन लागतं का?' तर ती अर्धा तास बोलते. 'शरीरप्रतिमा' हा शब्द आमच्याही तोंडात बसत नाही. 'आरशात बघवतं का?' हे सगळ्यांना कळते. म्हणून मोजपट्टी करायची तर आधी बायकांशी बोलून त्यांचे शब्द गोळा करावे लागतात. मग प्रश्न तयार करायचे, बऱ्याच जणींना विचारून पाहायचे, कोणता प्रश्न कळत नाही तो बदलायचा, तीच बाई थोड्या दिवसांनी साधारण तेच उत्तर देते का ते तपासायचे. हे संशोधनाचे काम आहे. आपल्या वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांत दरवर्षी प्रबंध होतात. त्यांतले काही या कामी लागावेत.

आकड्यांचेही तसेच. शून्य ते दहा ही रेघ शिकलेल्यांची. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बाईला आम्ही विचारतो, 'रुपयातले किती आणे?' एक आजी म्हणाल्या, 'दुखण्याचं चार आणे आणि लोकांचं बारा आणे.' यापेक्षा नेमके मोजमाप आम्हाला तरी माहीत नाही.

कधी आणि कुठे विचारावे

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे रुग्ण उतरतात. अशा ठिकाणी सगळ्यांचीच डोकी रिकामी असतात. तिथे बाई डोक्यावरचा रुमाल काढून निवांत बसते, शेजारणीच्या डोक्यावर आलेली लव बघून हसते. तिथे विचारले तर ती 'काही नाही' म्हणते आणि ते खरेही असते. तीच बाई एसटीतून गावाच्या फाट्यावर उतरते तेव्हा पदर कपाळापर्यंत येतो. आमचा अनुभव असा, की वॉर्डात घेतलेला आकडा कमी येतो आणि घरी घेतलेला जास्त. म्हणून एकदा विचारून भागत नाही. निदान तीनदा विचारावे: पहिल्या डोसाच्या आधी, गळती सुरू झाल्यावर म्हणजे दुसऱ्या डोसाच्या सुमारास, आणि उपचार संपून बाई घरी रुळल्यावर. तिसरी वेळ आशाताईंच्या किंवा वस्तीतल्या कार्यकर्तीच्या हातची आहे.

विचारताना नवरा, सासू, मुलगा शेजारी नसावा. पुरुषांनाही विचारावे. मिशी आणि भुवया गेलेला बाप्या बोलत नाही, फक्त कामावर जायचे टाळतो. शाळेत जाणारी मुले तर टोपी ओढली जाण्याच्या भीतीने शाळाच सोडतात.

खाली आम्ही वापरतो ते प्रश्न देत आहोत. ही शास्त्रीय कसोटीवर उतरलेली मोजपट्टी नाही, बोलणे सुरू करण्याची यादी आहे. प्रत्येकाला 'अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप' असे उत्तर घ्यावे आणि उत्तर 'बरंच' किंवा 'खूप' असेल तिथे थांबून ऐकावे.

१. गेल्या आठ दिवसांत केसांच्या विचाराने झोप मोडली का?
२. आरशात बघायचं टाळता का?
३. डोकं दुखतं, हुळहुळतं, उन्हाचा किंवा रुमालाचा त्रास होतो का?
४. घरच्यांसमोर डोकं उघडं ठेवायला संकोच वाटतो का?
५. केस गेल्यापासून नवऱ्याचं किंवा मुलांचं वागणं बदललंय असं वाटतं का?
६. कोणी टोचून बोललं, बोडकी म्हणालं, कार्यक्रमात मागे ठेवलं असं झालं का?
७. नळावर, बाजारात, विहारात जायचं सोडलं का?
८. काम सुटलं, कमी झालं, किंवा सुटेल अशी भीती आहे का?
९. केसांमुळे पुढचा डोस नको, असं मनात आलं का?

नवव्या प्रश्नाला 'थोडं' हे उत्तरही पुरेसे आहे. ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जायला हवे.

मोजून पुढे काय?

आमच्या सहकारी परिचारिकांची एक तक्रार रास्त आहे. एका सिस्टरकडे आधीच इतके पेशंट, त्यात आणखी एक फॉर्म? दुसरी शंका रुग्णांची आहे. लोक येतात, प्रश्न विचारतात, अंगठा घेतात, प्रबंध लिहून निघून जातात, आम्हाला काय मिळते? दोन्ही शंकांना आमचे उत्तर एकच आहे. ज्या आकड्यापुढे काहीच करायचे नाही तो आकडा घेऊ नका. प्रत्येक उत्तरापुढे एक काम ठरलेले असावे.

शरीराचा त्रास असेल तर काम सिस्टरचे. केस गळायच्या आधीच ते बारीक कापून घ्यायला सांगणे, म्हणजे पुंजके हातात येण्याचा धक्का कमी होतो. मऊ सुती रुमाल, सौम्य साबण, उन्हापासून आडोसा. घरचा त्रास असेल तर नवऱ्याला आणि सासूला बोलावून केस का जातात, किती दिवसांत येतात, हे समजावणे. रोजीचा त्रास असेल तर इस्पितळातल्या समाजसेवा अधीक्षकांचे काम: कामाच्या ठिकाणी देण्यासाठी पत्र, मदतीच्या योजना, टोपाची सोय. आणि कशातच मन लागत नसेल, जगणे नको वाटत असेल तर मानसोपचाराची मदत. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. प्रत्येक वस्तीत हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा.

सरकारकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. म्हणजे किमो आता जिल्ह्याच्या गावी येणार. त्या केंद्रांचे कागद, नोंदवह्या, फॉर्म तयार होत असतानाच त्यात मनाच्या त्रासाचा आणि केसांचा रकाना घालून घ्यावा, नंतर कोणी घालत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमोचे डोस बसतात, त्यांच्यासोबत टोपाच्या खर्चाचाही विचार व्हावा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत टोप मिळण्याची व्यवस्था आहे आणि कमी उत्पन्नाच्या रुग्णांना तो मोफत मिळू शकतो. तिथे होऊ शकते तर इथे निदान मागणी तरी व्हावी. आणि मागणी करायची तर हातात आकडे हवेत. किती बायकांची कामे सुटली, किती जणींनी डोस अर्धवट सोडला, किती जणी महिनोन्‌महिने घराबाहेर पडल्या नाहीत, हे आज कुठल्याही सरकारी नोंदवहीत सापडत नाही.

महिला मंडळांनी एवढे तरी या महिन्यात करावे. आपल्या वस्तीत किमो चालू असलेली कोण आहे ते हळूच पाहावे, बोभाटा करू नये. तिच्या घरी दोघींनीच जावे. नारळ-फळे घेऊन गेलात तरी चालेल, पण वरचे नऊ प्रश्न सोबत न्यावेत. 'येतील गं केस परत' हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलावे, तिचे बोलून झाल्यावर. तिला चालत असेल तर उत्तरे एका कागदावर लिहून द्यावीत आणि तो कागद पुढच्या डोसाला जाताना केसपेपरला टाचणी लावून न्यायला सांगावा. डॉक्टर वाचतील किंवा वाचणार नाहीत. दहा जणींचे असे दहा कागद एकाच ओपीडीत पोचले, तर कोणीतरी विचारेल की याला रकाना का नाही.